कमावलेले शरीर टिकवावे कसे?

लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, पांढुर्णा ह्या आपल्या पट्ट्यातील कोणत्याही गावी पहाटे रस्त्यावर या. दोन-चार तरुण धावताना दिसतील. कोणी सैन्यभरतीच्या १६०० मीटरची तयारी करीत असतो, कोणी पोलिसभरतीची. पायांत साधे बूट, हातात घड्याळ, आणि घरी आई हरभरे भिजत घालून ठेवते. वर्ष-दोन वर्षे हा क्रम निष्ठेने चालतो. मग भरती होते किंवा होत नाही, वयाची मर्यादा उलटते, मुलगा बोरगावच्या कारखान्यात लागतो किंवा बसस्थानकाजवळ दुकान टाकतो. धावणे त्याच दिवशी संपते. चाळिशीच्या आत पोट पुढे येते, आणि एखाद्या वेळी जखम लवकर भरेना म्हणून रक्त तपासले तर साखर तीनशे निघते. घरच्या मंडळींना नवल वाटते. "अहो, हा तर गावात पहिला धावणारा!"

नवल वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतील डॉ. राल्फ पॅफेनबार्जर ह्यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे १७,००० माजी विद्यार्थ्यांची वर्षानुवर्षे माहिती घेतली आणि १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यार्थिदशेत नामांकित खेळाडू असलेल्या, परंतु पुढे हालचाल सोडून दिलेल्या लोकांना हृदयविकारापासून त्या जुन्या खेळाचे काहीही संरक्षण मिळाले नाही. उलट, तरुणपणी कधी मैदानात न उतरलेले पण पुढे नियमाने चालते-फिरते राहिलेले लोक पुष्कळ सुरक्षित होते. म्हणजे शरीर हे बँकेतील मुदतठेवीसारखे नाही. आखाड्यातील पैलवानांचे आपण पाहतोच. कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही.

ह्या पाठात आपल्याला दोन गोष्टी वेगळ्या ओळखावयाच्या आहेत. शरीर घडवणे ही एक आणि घडलेले शरीर तीस-चाळीस वर्षे टिकवणे ही दुसरी. पहिलीबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून आपण अधिक वेळ दुसरीला देऊ.

बागेवरून समजावे

आपल्याकडील शेतकऱ्याला हा विषय वेगळा शिकवावा लागू नये. संत्र्याची कलम लावली की पाचव्या-सहाव्या वर्षापूर्वी कोणी भरघोस फळांची आशा धरीत नाही. आंबिया बहार धरावयाचा तर थंडीत झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो. मग मशागत, खत आणि बेताबेताने पाणी. तेव्हा झाड फुलते. ताण दिलाच नाही तर झाड नुसते पानांनी माजते. ताण जास्त झाला तर फांद्या वाळतात. हलक्या जमिनीला ताणाचे दिवस थोडे, भारी जमिनीला अधिक, हेही आपण जाणतो.

स्नायूंचे नेमके असेच आहे. त्यांना नेहमीपेक्षा थोडा अधिक भार दिला की ते थकतात. नंतरच्या विश्रांतीत आणि जेवणातून मिळालेल्या प्रथिनांतून ते आधीपेक्षा बळकट होतात. भार नसेल तर वाढ नाही, विश्रांती नसेल तरी वाढ नाही. पंधरा दिवस अंग मोडेपर्यंत कसरत करून सोळाव्या दिवशी अंथरूण धरणारा माणूस म्हणजे पहिल्याच वर्षी बहार धरणारा बागाईतदार. आणि ज्याप्रमाणे बुंध्याशी पाणी साचून डिंक्या रोग लागतो व पाने पिवळी पडेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही, त्याप्रमाणे मधुमेह आणि रक्तदाब हे रोगही वर्षानुवर्षे आत काम करीत राहतात. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो.

बारीक दिसणाऱ्यांचा धोका

येथे एक गोष्ट सावकाश समजून घेतली पाहिजे, कारण ती खास आपल्या लोकांची आहे आणि ती आपल्याच मराठी मुलखात उलगडली.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाच्या रुग्णांवर काम करीत होते. पाठ्यपुस्तके सांगत की प्रौढपणीचा मधुमेह लठ्ठ माणसांना होतो. प्रत्यक्षात दारात येणारे कित्येक रुग्ण तर हाडकुळे! ह्याचा उलगडा करण्यासाठी १९९३ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या गरोदर राहण्यापूर्वीपासून त्यांचे वजन, आहार, काम ह्यांची नोंद ठेवली, आणि पुढे त्यांची बाळे जन्मली तेव्हा बाळांचीही मापे घेतली. ह्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन शहरातील बाळांचे सुमारे ३.५ किलो. ह्यात आश्चर्य नव्हते. आश्चर्य पुढेच होते. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, परंतु कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे आपले मूल जन्मतःच बारीक असूनही चरबीचे प्रमाण जास्त घेऊन येते.

२००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन ह्यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा, ज्याला बी. एम. आय. म्हणतात, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. कोणताही डॉक्टर दोघांनाही उत्तम म्हणेल. परंतु चरबी मोजली तेव्हा युडकिन ह्यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक ह्यांच्या शरीरात २१.२ टक्के. एका संशोधकाने आपलेच शरीर असे जगापुढे मांडले, ह्याचे मला फार कौतुक वाटते.

वाचकांनी हा हिशेब स्वतःवर करून पाहावा. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचे वजन ६१ किलो असेल तर त्याचा बी. एम. आय. सुमारे २२.४ येतो, आणि तो निश्चिंत होतो. परंतु ह्या ६१ किलोंत स्नायू किती आणि चरबी किती हे वजनकाटा सांगत नाही. फरक कशामुळे पडतो? आपण जेवतो तेव्हा रक्तात जी साखर येते, तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू हे घरातील कणगीसारखे आहेत. कणगी लहान असेल, किंवा काम न केल्यामुळे तिच्यात आधीचेच धान्य भरलेले असेल, तर नवे धान्य अंगणात पडून राहणार. ती रक्तात पडून राहिलेली साखर डोळे, मूत्रपिंडे, पायांच्या नसा ह्यांना हळूहळू खराब करते. पोटातील आणि यकृतातील चरबी ह्या कामात आणखी अडथळा आणते.

म्हणून आपल्या लोकांसाठी वजनकाट्यापेक्षा शिंप्याची फीत अधिक खरे बोलते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड ह्यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजावा. पुरुषांचा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर, ही भारतीयांसाठी ठरवलेली मर्यादा आहे. पँटच्या कमरेचे माप हे नव्हे. पँट आपण पोटाच्या खाली बांधतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्यांना परत फिरता येते काय? येते, असे चीनमधील दाचिंग शहराच्या अनुभवावरून दिसते. तेथे १९८६ मध्ये उंबरठ्यावरच्या ५७७ लोकांना निवडून त्यांतील काहींना सहा वर्षे आहार व व्यायाम ह्यांचे मार्गदर्शन दिले. तीस वर्षांनंतर पाहिले तेव्हा मार्गदर्शन मिळालेल्यांचा मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षे पुढे ढकलला गेला होता आणि हृदयविकार व पक्षाघात ह्यांनी होणारे मृत्यू एक तृतीयांशाने कमी होते. आयुष्य सरासरी दीड वर्षाने वाढले. दीड वर्ष म्हणजे काही फार नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु डोळे आणि मूत्रपिंडे बिघडण्याचे प्रमाणही त्यांच्यात बरेच कमी होते, आणि ज्याच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे व ज्याला आठवड्यातून दोनदा नागपूरची वारी करावी लागते, त्याला विचारा की निरोगी चार वर्षांची किंमत काय.

चालणे, उचलणे, उठणे

पूर्वी आपल्याकडे वेगळा व्यायाम करण्याची गरज पडत नसे. वावरात पायी जाणे, विहिरीचे पाणी ओढणे, जात्यावर दळणे, छोट्या रेल्वेच्या फलाटापर्यंत सामान डोक्यावर नेणे, ह्यात अंग आपोआप कामाला लागे. आता वावरापर्यंत फटफटी जाते, पाणी मोटार ओढते, आणि ती छोटी रेल्वेही २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. ह्या सोयी वाईट आहेत असे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. जात्यावर दळणाऱ्या बाईला त्या कष्टांची हौस नव्हती. परंतु जे श्रम गेले त्यांची भरपाई आता जाणूनबुजून करावी लागेल.

ती कितीशी करावी? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले की प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस एवढे चालले की पहिला आकडा गाठला. जेवणानंतर लगेच खाटेवर न पडता दहा-पंधरा मिनिटे फिरल्यास साखर कमी चढते. ज्यांना सलग वेळ मिळत नाही त्यांनी हेच तीन वेळा करावे.

लहान हालचालींना कमी लेखू नये. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस ह्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील चालक आणि वाहक ह्यांची तुलना प्रसिद्ध केली. एकच बस, एकच पगाराचा वर्ग, एकच शहर. परंतु दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना हृदयविकाराचे झटके अधिक येत आणि तिकिटे देत जिना चढ-उतर करणाऱ्या वाहकांना कमी. वाहक काही व्यायामशाळेत जात नव्हते.

मात्र नुसत्या चालण्याने काम भागत नाही, आणि ह्याच ठिकाणी आपले लोक चुकतात. चालण्याने दम वाढतो; मांड्या, खांदे आणि पाठ बळकट होण्यासाठी भार लागतो. त्याला यंत्रे नकोत. बैठका, भिंतीला हात लावून जोर, पाण्याने भरलेली कळशी दोन्ही हातांनी आळीपाळीने उचलणे, एवढे पुरे. आठ-दहा वेळा करता येईल इतका भार घ्यावा, आणि दोन आठवड्यांनी तो सोपा वाटू लागला की थोडा वाढवावा.

"आता ह्या वयात काय?" असे आजी-आजोबा म्हणतील. बोस्टन येथे १९९० मध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमवासी दहा जणांना आठ आठवडे पायांचा भाराचा व्यायाम दिला गेला. त्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. स्नायू म्हातारे होतात, पण ऐकणे सोडत नाहीत.

आणि घरच्या घरी करावयाची एक परीक्षा. जमिनीवर मांडी घालून बसावे आणि हाताचा किंवा गुडघ्याचा टेकू न घेता उठावे. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वर्षांच्या २,००२ जणांची हीच परीक्षा घेतली होती. ज्यांना फार टेकू लागला त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण अधिक होते. आपण तर पिढ्यान्‌पिढ्या पाटावर जेवत आलो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या घरात आल्या आणि ही सवय पन्नाशीच्या आत सुटू लागली. गुडघे दुखत नसतील तर दिवसातून एक जेवण तरी खाली बसून घ्यावे.

ताटातले

आहाराबद्दल थोडेच सांगतो. स्नायूंना प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. ती घरच्या घरी मिळतात. चार ज्वारीच्या भाकरी, दोन वेळचे घट्ट वरण, एक अंडे, एक पेला दूध आणि मूठभर हरभरे, एवढ्यात हिशेब जुळतो. वरण पातळ आणि भाताचा डोंगर, असे ताट असेल तर जुळत नाही. तूर आपल्याच वावरात पिकते आणि ती विकून आपण मुलांसाठी बिस्किटांचे पुडे आणतो, हा व्यवहार मला कधीच कळला नाही. डबाबंद प्रथिनांच्या भुकटीची गरज नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शनात त्या टाळाव्यात असेच सांगितले आहे. व्यायामशाळेत कोणी इंजेक्शन देऊ करील तर तेथून उठून यावे.

संत्रे सोलून खावे, रस काढून पिऊ नये. एका पेल्याला चार-पाच फळे लागतात. तेवढी आपण एका बैठकीला चावून खात नाही, आणि चोथ्यातला तंतू फुकट जातो.

खर्रा. ह्यावर लांब लिहीत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना गालात धरून सकाळी पाच किलोमीटर धावणारे तरुण ह्या भागात आहेत. तोंड उघडेनासे झाले की भाकरीच खाता येत नाही, मग प्रथिनांचा हिशेब कोणी मांडावा?

सर्वांना एकच माप नको

वरील सल्ला प्रामुख्याने बसून काम करणाऱ्यांसाठी आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळपासून वाकून राहणाऱ्या बाईला कोणी "व्यायाम करा" सांगू लागला तर तिने त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. तिला हवी ती पोटभर भाकरी, डाळ, पालेभाजी, पाठीला विश्रांती आणि लोहाच्या गोळ्या. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्तक्षय असताना चढणारा दम हा आळस नव्हे. पुण्याच्या त्या अभ्यासावरून हेही ध्यानात यावे की मुलाच्या प्रौढपणीच्या आरोग्याची सुरुवात आईच्या ताटापासून, किंबहुना तिच्या किशोरवयापासून होते. घरात सर्वांत शेवटी जेवणारी सून हा ह्या दृष्टीने फार महागात पडणारा रिवाज आहे.

दुसरी सावधगिरी सिकलसेलची. विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या आपल्या भागात हा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथूनच त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. अशा रुग्णाने उन्हात, तहानलेल्या अंगाने जोराची धाव घेऊ नये; ती जिवावर बेतू शकते. भरपूर पाणी, मधून मधून विसावा आणि डॉक्टरांचा सल्ला घेऊन हलका व्यायाम हा त्याचा मार्ग. धावण्याच्या तयारीला लागणाऱ्या प्रत्येक मुलाने एकदा ही तपासणी करून घ्यावी. आणि एप्रिल-मे महिन्यांत तर कोणीही सूर्य वर आल्यावर मैदानात राहू नये.

चालताना छातीत दाबल्यासारखे झाले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, घाम फुटला, तर तो वायू समजून ओवा खात बसू नये. तेथेच थांबून दवाखाना गाठावा.

एकट्याने होत नाही

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. दोघेही वेल्लोरला शिकलेले. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना, त्यांतील कित्येक निरक्षर व दलित समाजातील होत्या, आरोग्यसेविका म्हणून शिकवले. बाळाचे वजन कसे घ्यावे, जुलाबात काय पाजावे, बाळंतपण स्वच्छ कसे करावे, पुढे रक्तदाब कसा मोजावा, हे त्या शेजारणीला शेजारीण म्हणून सांगत. १९७९ मध्ये ह्या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडमध्ये जे साधले ते मुख्यतः औषधांनी नव्हे. शेजारची बाई आठवड्याला घरी येऊन विचारते, म्हणून माणूस टिकून राहतो. पहाटे धावणाऱ्या आपल्या मुलांचे हेच तर बिघडते: भरती संपताच विचारणारे कोणी उरत नाही.

म्हणून ह्या महिन्याचा अभ्यास कागदावर नको. महिला मंडळाने किंवा तरुण संघाने एक शिंप्याची फीत, एक रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि एक वही आणावी. उपासनेनंतर जे राजी असतील त्यांच्या कमरेचा घेर व रक्तदाब लिहावा. स्त्रियांची मापे स्त्रियांनीच, आडोशाला घ्यावीत आणि आकडे मोठ्याने वाचू नयेत. रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक निघाला तर घाबरवू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून सरकारी दवाखान्यात पाठवावे. तिशी ओलांडलेल्यांनी उपाशीपोटीची साखर तपासून घ्यावी. मग तिघा-चौघांच्या टोळ्या कराव्यात, जवळ राहणाऱ्यांच्या, आणि प्रत्येक टोळीने चालण्याची वेळ आपली आपण ठरवावी. जो दोन दिवस दिसला नाही त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी कोणीतरी जावे. सहा महिन्यांनी मापे पुन्हा घ्यावीत, वही तीच ठेवावी, आणि पुढल्या वर्षी ती कोणाकडे राहील हे आताच ठरवून ठेवावे.